बॅट-रॅकेटवाल्यांसाठी मुद्गल: पहिले तीन महिने

स्मॅश मारला, शटल पलीकडे गेलं, आणि रॅकेट त्याच वेगात खाली, डाव्या मांडीकडे निघाली. तिला आवरायचं कुणी? हा प्रश्न मला बॅडमिंटन खेळायला लागल्यावर बारा वर्षांनी पडला, खांदा रात्री झोपू देईना तेव्हा. तोवर व्यायाम म्हणजे छाती, दंड आणि खांद्याचा पुढचा भाग एवढंच मी करत होतो. हात पुढे फेकणारे स्नायू दणकट झाले होते. त्याच हाताला लगाम घालणारे, खांद्याच्या मागच्या बाजूचे स्नायू मात्र होते तिथेच राहिले होते. फिजिओथेरपिस्टनं हातात रबरी पट्टा दिला आणि पुढे दोन महिन्यांनी एका तालमीतल्या वस्तादांनी हलका मुद्गल, म्हणजे फिरवायचं निमुळतं लाकडी साधन, दिलं. त्या दोन वस्तूंनी मला पुन्हा कोर्टवर आणलं.

क्रिकेट, बॅडमिंटन, टेनिस, गोल्फ, हॉकी यांपैकी काहीही नव्यानं खेळायला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. हातात काहीतरी धरून ते वेगानं फिरवायचं, हे या सगळ्या खेळांत समान आहे. त्यासाठी लागणारी साधनं थोडी आहेत आणि बरीचशी स्वस्त आहेत. कोणतं साधन आधी आणि कोणतं नंतर, हा क्रम चुकला की दुखणं मागे लागतं. म्हणून क्रमानंच जाऊ.

पहिली पायरी: जोर कुठून येतो ते स्वतः बघा

एक पंचा घ्या आणि त्याच्या टोकाला घट्ट गाठ मारा. स्टुलावर बसा, पाय जमिनीवरून उचला आणि तुमच्या खेळातला नेहमीचा फटका मारल्यासारखा पंचा फिरवा. मग उभे राहून तोच फटका मारा. आवाजातच फरक कळेल. बसून मारताना पंचा फडफडतो, उभ्यानं मारताना सणसणतो. पाय जमीन ढकलतात, ते बळ खुब्यातून कंबरेत येतं, कंबरेतून छातीच्या पिंजऱ्यात, तिथून खांदा, कोपर आणि सर्वांत शेवटी मनगट. प्रत्येक सांधा आधीच्यापेक्षा जरा उशिरा सुटतो आणि जरा जास्त वेगानं सुटतो. आसूडाचं टोक असंच वाजतं.

या साखळीत मुख्य काम कुणाचं, ते थोडक्यात असं. मांड्या आणि नितंबांचे मोठे स्नायू बळ तयार करतात. पोटाच्या दोन्ही बाजूंचे तिरके स्नायू धड वळवतात आणि वळण थांबवतातही. पाठीचा रुंद पडदा हाताला वरून खाली आणतो. खवाट्यांना, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडांना, बरगड्यांवर नीट बसवून ठेवणारे स्नायू खांद्याला पाया देतात. रोटेटर कफ नावाचा चार लहान स्नायूंचा गट खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवतो. मनगट आणि बोटं चालवणारे बहुतेक स्नायू मनगटात नसतातच. ते कोपरापासून खाली पसरलेले असतात. म्हणून मनगटाचा ताण कोपरात दुखतो, आणि टेनिस एल्बो टेनिसची रॅकेट कधीही हातात न धरलेल्या माणसालाही होतो.

फटका मारणारे आणि फटका थांबवणारे असे दोन गट डोक्यात ठेवा. नवे खेळाडू पहिला गट कमावतात. दुसऱ्याकडे लक्ष जातं ते बहुधा दुखल्यावर. या लेखातली जवळजवळ सगळी साधनं मी दुसऱ्या गटाच्या बाजूनं निवडली आहेत.

दुसरी पायरी: भिंतीची चाचणी

साधन विकत घेण्याआधी हे करा. भिंतीला पाठ टेकून उभे राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. कंबरेचा मागचा भाग भिंतीला टेकवा. दोन्ही हात सरळ ठेवून, अंगठे मागच्या दिशेला करून, समोरून वर न्या. अंगठे भिंतीला लागले आणि कंबर सुटली नाही, तर मुद्गल डोक्यामागून फिरवायला तुमचा खांदा तयार आहे. कंबर भिंतीपासून उचलली जात असेल तर खांद्यात किंवा पाठीच्या वरच्या भागात आखडलेपण आहे. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. काळजीचं कारण नाही, फक्त मुद्गलाला तीन-चार आठवडे उशिरा हात घाला आणि तोवर रबरी पट्टा वापरा.

हात वर नेताना खांद्यात टोचल्यासारखी कळ आली, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर मात्र आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट.

तिसरी पायरी: रबरी पट्टा, पहिले दोन ते चार आठवडे

एक लांब, सपाट, पातळ पट्टा घ्या. दुकानात रंगांवरून ताण सांगतात, पण रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. तेव्हा हाताला ओढूनच बघा. पंधरा वेळा आरामात ओढता आला पाहिजे आणि सोळाव्या-सतराव्याला स्नायू भरून यायला हवा. खिडकीच्या गजाला किंवा दाराच्या भक्कम कडीला बांधा. दार बंद करून, कडी लावूनच. पट्टा सुटून डोळ्यावर आला तर गंभीर इजा होते, म्हणून दर आठवड्याला प्रकाशात ताणून बारीक चिरा तपासा.

तीन हालचाली पुरेत.

कोपर काटकोनात वाकवून बरगडीला चिकटवा, मध्ये घडी केलेला नॅपकिन धरा. पट्ट्याचं टोक हातात. आता हात पोटापासून बाहेरच्या बाजूला, दार उघडल्यासारखा फिरवा. बाहेर जाताना एक सेकंद, परत येताना तीन सेकंद. परतीचा संथपणा हाच या व्यायामाचा गाभा आहे. फटक्यानंतर हात आवरताना हेच स्नायू लांबत लांबत ताण पेलतात, त्यांना तेच शिकवायचंय.

दुसरी: पट्टा चेहऱ्याच्या उंचीवर बांधून दोन्ही हातांनी कपाळाकडे ओढा, कोपरं बाहेर, शेवटी खवाटे एकमेकांकडे दाबलेले.

तिसरी कंबरेसाठी. पट्टा छातीच्या उंचीवर बांधा, त्याच्याकडे कूस करून उभे राहा, दोन्ही हातांनी छातीशी धरा आणि सरळ समोर ढकला. पट्टा तुम्हाला स्वतःकडे वळवू बघेल. वळायचं नाही. दहा सेकंद तसेच राहा. मग दुसरी कूस. दिसायला काहीच घडत नाही, पण पोटाचे तिरके स्नायू भाजल्यासारखे होतात. क्रिकेटच्या फलंदाजांना मी सगळ्यात आधी हाच सांगतो.

प्रत्येकी बारा-पंधरा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. सोबत दहा जोर आणि वीस बैठका असू द्या. जोर मारताना खवाटे बरगडीवरून पुढे-मागे सरकतात, तो खांद्याचा पायाच आहे. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही.

चौथी पायरी: मुद्गल निवडणं

आता मुख्य साधन. जोडी, मुद्गल, करेला ही नावं तालमीगणिक थोडी इकडची तिकडे होतात. वस्तू एकच: खाली जाड, वर निमुळता होत मुठीशी संपणारा लाकडी दंड. महाराष्ट्रातल्या आणि उत्तरेतल्या तालमींत पैलवान तो पिढ्यान्‌पिढ्या फिरवत आले. इराणच्या जोरखान्यातही, म्हणजे तिथल्या पारंपरिक तालमीतही, याचा भाऊ शोभेल असा लाकडी मील आजही दोन्ही हातांत फिरवतात. इथे नोकरीला आलेल्या ब्रिटिश सैनिकांनी तो पाहिला आणि एकोणिसाव्या शतकात तो इंग्लंड-अमेरिकेत 'इंडियन क्लब' म्हणून पोहोचला. तिकडे तो इतका रुजला की १९०४ च्या सेंट लुईस आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची स्वतंत्र स्पर्धा होती. ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्समधल्या मुलींच्या हातात आज दिसणारे छोटे क्लब याच वंशातले. एवढं सगळं सांगण्याचं कारण असं, की आपल्याकडची बरीच मुलं ही वस्तू परदेशी व्हिडिओत प्रथम पाहतात. घराजवळच्या तालमीत ती कोपऱ्यात उभी असते आणि शिकवणारे वस्तादही तिथेच असतात. आधी तिकडे जाऊन बघा.

डंबेल्स असताना हा कशाला? डंबेल्सचं वजन मुठीतच असतं. मुद्गलाचं वजन मुठीपासून दूर असतं, अगदी बॅट आणि रॅकेटसारखं. २ किलोचा मुद्गल घ्या, ज्याचा भार मुठीपासून ४० सेंटिमीटरवर आहे. हात सरळ ठेवून तो सेकंदाला एक फेरी या वेगानं फिरवला, आणि भार खांद्यापासून सुमारे एक मीटरवर आला, तर तो हाताला जवळजवळ ८ किलोच्या जोरानं बाहेर खेचतो. फेरीच्या तळाशी त्यात त्याचं स्वतःचं वजन मिळून १० किलो होतात. वेग दुप्पट केला तर खेच चौपट. म्हणजे तराजूवर २ किलो असलेली वस्तू खांद्याला दहा किलोची वाटू शकते, आणि ती खेच क्षणाक्षणाला दिशा बदलते. तिला धरून ठेवणं, वाटेवर ठेवणं, हळूच वळवणं, हे सगळं आवरण्याचंच काम आहे.

यावरूनच वजनाचा अंदाज घ्या. नव्या माणसानं एका हातासाठी १ ते २ किलोच्या वर जाऊ नये. बॅडमिंटन खेळणाऱ्यांनी, स्त्रियांनी आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी अर्ध्या ते एक किलोपासून सुरुवात करावी. बॅडमिंटनची रॅकेट नव्वद ग्रॅमच्या आसपास असते, टेनिसची तीनशेच्या, क्रिकेटची बॅट साधारण ११०० ते १३०० ग्रॅम. त्यांच्यापुढे एक किलोचा मुद्गल हलका मुळीच नाही. तालमीत भिंतीला टेकलेले मोठे करेले पैलवानांच्या अनेक वर्षांच्या मेहनतीसाठी आहेत. मोह झाला तरी त्यांना हात लावू नका. मी तिसऱ्याच आठवड्यात लावला होता आणि कोपर महिनाभर बसवून ठेवावं लागलं.

विकत घेताना लांबी ४५ ते ५५ सेंटिमीटर. मूठ धरल्यावर अंगठा तर्जनीच्या पहिल्या पेराला टेकला पाहिजे. मूठ जास्त जाड असेल तर पकड लवकर थकते, फार बारीक असेल तर घामानं निसटते. मुठीच्या टोकाला गोल बोंड हवंच, हात घसरला तर तेच अडवतं. लाकूड शिसवी, बाभळीचं किंवा आंब्याचं मिळतं. शिसव जड आणि टिकाऊ, आंबा हलका. गाठी नसलेलं, उभ्या रेषांचं लाकूड बघा. मूठ आणि दंड एकाच लाकडातून उतरवलेले असावेत. मूठ वेगळी करून चिकटवलेली असेल तर घेऊ नका, सांधा एक दिवस सुटतो. ऑनलाइन मागवण्यापेक्षा लेथवर काम करणाऱ्या कातारी सुताराकडून तुमच्या मापाचा करवून घेणं मला जास्त पसंत आहे. वजन काट्यावर ठेवून बघता येतं आणि जास्त झालं तर तिथल्या तिथे थोडं उतरवून मिळतं.

मुद्गल येईपर्यंत गाठ मारलेला पंचा थोडा ओला करून हालचाली शिका. पाण्याची बाटली डोक्यावरून फिरवू नका, तिची मान हातातून सटकते.

पाचवी पायरी: जागा

घराच्या खोलीत नाही. वर केलेला हात आणि त्यापुढे अर्धा मीटर लाकूड म्हणजे पंखा गाठलाच. गच्ची, अंगण किंवा मैदान बघा. चारी बाजूंनी दोन-दोन मीटर मोकळी जागा हवी. लहान मुलं आणि कुत्री अचानक मागून येतात, म्हणून पाठ भिंतीच्या दिशेला ठेवा, भिंत पाठीपासून दोन मीटर लांब. अनवाणी किंवा सपाट तळव्याचे बूट. गादीसारखे मऊ पळण्याचे बूट नकोत. पावसाळ्यात ओल्या गच्चीवर अजिबात नाही. तळहात घामेजले तर पंच्यानं पुसा, तालमीत चिमूटभर माती लावतात तीही चालते.

सहावी पायरी: पहिल्या चार हालचाली

इथे घाई नको, एक हालचाल आठवडाभर.

*उभा धरणं.* कोपर बरगडीशी, काटकोनात. मुद्गल मुठीतून सरळ वर, आकाशाकडे. आता तो फक्त उभा ठेवा, तीस सेकंद. मग हळूच पुढे झुकवा आणि परत उभा करा, मग डावीकडे, मग उजवीकडे. सगळी हालचाल मनगटाची. बॅटची ग्रिप घट्ट आवळायची सवय असलेल्यांना इथे पहिला धडा मिळतो. मूठ करंगळी आणि अनामिकेनं धरा, अंगठा-तर्जनी सैल. आवळून धरलात तर पुढचा हात, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा, दोन मिनिटांत दगड होतो.

*लंबक.* पाय खांद्याएवढे लांब. हात खाली सोडा, मुद्गल जमिनीकडे. घड्याळाच्या लंबकासारखा अंगासमोरून डावीकडे-उजवीकडे झुलवा. खांद्यानं ओढू नका. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्या आणि मुद्गल आपोआप मागोमाग जाऊ द्या. पंच्याच्या प्रयोगात जे कळलं तेच इथे अंगवळणी पडतं. झोका वाढत वाढत एक दिवस पूर्ण वर्तुळ होईल. ते जमिनीला काटकोनातल्या एका सरळ पडद्यावर काढल्यासारखं दिसायला हवं. मोबाइलवर समोरून चित्रण करा. वर्तुळ अंड्यासारखं झालं किंवा मुद्गल तुमच्याकडे झुकू लागला तर वजन जास्त आहे.

*पाठीमागची फेरी.* हीच तालमीतली मूळ फेरी आणि खेळाडूच्या दृष्टीनं सर्वांत मोलाची, म्हणून जरा सविस्तर. उजव्या हातात मुद्गल उभा धरा, मूठ छातीसमोर. कोपर वर उचलत मूठ कपाळासमोरून डाव्या कानाकडे न्या आणि मुद्गल डाव्या खांद्यावरून मागे सोडा. आता तो पाठीमागे खाली लोंबतोय, कोपर आकाशाकडे, हाताचा दंड कानाजवळ. इथे क्षणभर थांबल्यासारखं वाटलं पाहिजे. मग तो पाठीमागून उजवीकडे झुलतो, उजव्या खांद्यावरून वर येतो आणि पुन्हा छातीसमोर उभा राहतो. पुढे येताना श्वास सोडा.

शेवटचा टप्पा नीट करा. मुद्गल खांद्यावरून पुढे येताना जोरात येतो आणि छातीसमोर त्याला गपकन उभं करायचं असतं. ते उभं करणं म्हणजेच स्मॅशनंतरचा, थ्रोनंतरचा, सर्व्हिसनंतरचा लगाम. पुढे कोसळू दिलात तर अर्धा व्यायाम वाया गेला.

या फेरीत दोन चुका हमखास होतात. कंबर मागे वाकते, कारण खांदा पुरेसा उघडत नाही. पोट आत घ्या आणि बरगड्या खाली ओढा. आणि कोपर खाली पडतं, मग मुद्गल पाठीवर आदळतो. कोपर वरच ठेवा, पाठीला मुद्गलाचा स्पर्शही होता कामा नये. सरळ फेरी जमली की उलटी: आधी उजव्या खांद्यावरून मागे, मग डावीकडून पुढे.

*दोन हातांची फेरी.* एकच मुद्गल दोन्ही हातांनी धरून तीच पाठीमागची फेरी. मूठ लांब असलेला मुद्गल किंवा छोटी गदा असेल तर बरं. फलंदाजांना आणि गोल्फ खेळणाऱ्यांना ही जास्त उपयोगी, कारण त्यांचे दोन्ही हात एकाच दांड्यावर असतात. खुबे वळू द्या, मागची टाच थोडी उचलली तरी चालेल.

पहिल्या महिन्यात प्रत्येक हालचाल दहा वेळा, दोन्ही हातांनी, तीन फेऱ्या. सुरुवात नेहमी कमजोर हातानं करा आणि चांगल्या हातानं तेवढंच करा, एकही जास्त नाही. एका बाजूनंच वर्षानुवर्षं फटके मारून पाठ एका अंगानं जाड झालेले खेळाडू मी पाहिले आहेत. मुद्गल ती तूट भरून काढतो, पण दोन्ही बाजू समान केल्या तरच.

सातवी पायरी: कोपर आणि मनगट

साधी हातोडी घ्या, दांड्याच्या अगदी टोकाला धरा. हात मांडीवर टेकवा, मनगट गुडघ्यापुढे. हातोडी उभी, तिथून हळूच आत वळवा, परत उभी, हळूच बाहेर. प्रत्येक दिशेला तीन सेकंद. बॅडमिंटनच्या स्मॅशमध्ये आपण ज्याला मनगटाचा झटका म्हणतो तो बराचसा पुढच्या हाताचं हे पिळणंच असतं. हातोडी जड वाटली तर मूठ तिच्या लोखंडी डोक्याच्या बाजूला सरकवा, भार आपोआप कमी होतो.

दुसरं साधन घरीच करा. वीतभरापेक्षा थोडी लांब काठी, तिच्या मधोमध एक मीटर दोरी, दोरीला एक लिटर पाण्याची बाटली. हात समोर धरून काठी गुंडाळत बाटली वर आणा, मग तितक्याच सावकाश उलगडत खाली. उलगडणं टाळू नका, कोपराच्या बाहेरच्या बाजूचे तंतू त्यानंच मजबूत होतात. वीट बांधायची पद्धत आहे, पण विटेचं वजन अडीच-तीन किलो भरतं. ते पुढच्या वर्षी.

आठवी पायरी: मेडिसिन बॉल, दुसऱ्या महिन्यापासून

मुद्गल आवरायला शिकवतो, चेंडू सोडायला शिकवतो. २ किंवा ३ किलोचा, उसळणारा रबरी मेडिसिन बॉल घ्या. भक्कम भिंतीकडे कूस करून दीड मीटरवर उभे राहा, चेंडू मागच्या खुब्याजवळ, मग मागच्या पायानं जमीन ढकलून खुबा भिंतीकडे वळवा आणि चेंडू फेका. हात शेवटी येतात. आठ वेळा एका बाजूनं, आठ दुसऱ्या, मध्ये पूर्ण मिनिटभर विश्रांती, तीन फेऱ्या. दमेपर्यंत करायचा हा व्यायाम नाही. प्रत्येक फेक पहिल्याइतकीच वेगवान असली पाहिजे, वेग मंदावला की त्या दिवसापुरतं थांबा. भिंत सोसायटीच्या कुंपणाची निवडा. घराच्या भिंतीवर धडाधड आदळणारा चेंडू शेजाऱ्यांनी का सोसावा?

जड बॅटबद्दल

नवीन मुलं हमखास विचारतात, जड बॅटनं सराव केला तर हात तयार होतील ना? क्रिकेटच्या नियमांत बॅटची लांबी ९६.५२ सेंटिमीटर आणि रुंदी १०.८ सेंटिमीटर यांवर मर्यादा आहे, वजनावर नाही. सचिन तेंडुलकर इतरांपेक्षा जड बॅट वापरायचे हेही सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांचा हात लहानपणापासून त्या वजनाला सरावला होता. उसन्या जड बॅटनं फटके मारताना नवा मुलगा वेळ साधण्यासाठी बॅट लवकर उचलतो, कोपर अंगाला चिकटवतो, आणि मग तीच सवय हलक्या बॅटनंही सुटत नाही. बेसबॉलमध्ये मैदानात उतरण्यापूर्वी बॅटला जड कडं घालून फिरवतात. कडं काढल्यावर बॅट पिसासारखी वाटते, मात्र प्रयोगांत वेग मोजला तेव्हा तो वाढलेला दिसला नाही, काही वेळा कमीच भरला. रॅकेटला शिशाच्या पट्ट्या चिकटवण्याचंही तेच.

माझं मत स्पष्ट आहे: बळ मुद्गलानं, पट्ट्यानं आणि चेंडूनं कमवा, आणि फटका मात्र स्वतःच्याच बॅटनं, स्वतःच्याच वेगात घोटवा. मोज्यात चेंडू घालून झाडाला टांगलेला आणि एका हातानं खेळलेला तासभर, कुठल्याही वजनदार बॅटपेक्षा मी वरचा मानतो.

आठवडा कसा बसवायचा

सोमवार, बुधवार, शुक्रवार मुद्गल, वीस ते पंचवीस मिनिटं. आधी पाच मिनिटं पट्टा, म्हणजे खांदा जागा होतो. मंगळवारी आणि शनिवारी मेडिसिन बॉल, बैठका, हातोडी. सामन्याच्या आदल्या दिवशी फक्त पट्टा आणि हलका लंबक. सामन्याच्या दिवशी काही नाही.

बॅडमिंटन आणि टेनिसवाल्यांनी पाठीमागच्या फेरीला आणि हातोडीला जास्त वेळ द्यावा. फलंदाजांनी दोन हातांची फेरी आणि कंबर न वळू देणारा पट्ट्याचा व्यायाम वाढवावा. गोलंदाजी करणाऱ्यांनी खांद्यावर आधीच असलेला भार मोजावा. ज्या आठवड्यात बरीच षटकं टाकली, त्या आठवड्यात मुद्गल अर्धा करावा. गोल्फवाल्यांसाठी चेंडू सर्वांत कामाचा, हॉकीवाल्यांसाठी बैठका, कारण तो खेळच वाकून चालतो.

दुखण्यातला फरक ओळखा. स्नायू भरून येणं, दुसऱ्या दिवशी जड वाटणं, हे ठीक. सांध्याच्या आत, एका बोटानं दाखवता येईल अशी कळ, रात्री कूस बदलताना जाग आणणारं दुखणं, मूठ उघडताना कोपराच्या बाहेरच्या हाडाशी चमक, यांतलं काहीही असेल तर मुद्गल खाली ठेवा. तीन-चार दिवसांत उतरलं नाही तर दाखवून घ्या.

वजन कधी वाढवायचं

पाठीमागची फेरी दोन्ही दिशांनी, दोन्ही हातांनी, सलग पंचवीस वेळा, मुद्गल पाठीला न लागता आणि छातीसमोर दर वेळी उभा थांबवून झाली, आणि असं लागोपाठ दोन आठवडे झालं, तरच पुढचं वजन घ्या. पुढचं म्हणजे अर्धा किलो जास्त, दुप्पट नव्हे. नवं वजन घेतलं की पुन्हा लंबकापासून सुरुवात, फेरी आठवडाभरानं. बहुतेकांना पहिल्या वजनावर तीन महिने लागतात. बॅडमिंटन खेळणाऱ्यांनी एक-दीड किलोच्या पुढे कधीच गेलं नाही तरी काही बिघडत नाही, त्यांनी वेग आणि फेऱ्यांची संख्या वाढवावी.

जुना हलका मुद्गल विकू नका. रोजच्या तयारीला आणि दुखण्यातून उठल्यावर तोच हातात घ्यायचा असतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, त्याला जवसाचं तेल पातळ हातानं लावा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर मूठ निसरडी राहते. उन्हात ठेवू नका, लाकूड तडकतं. मुठीजवळ केसाएवढी जरी चीर दिसली तरी तो मुद्गल फिरवणं त्याच दिवशी बंद करा.